कुवेती दिनार: फिल्सचा हिशेब, नोटांची ओळख आणि रुपयाशी जुनं नातं

बंदरकर

कुवेतला नव्याने जाणारे, तिथून घरी पैसे येणारे आणि कुवेतच्या कंपन्यांचे हिशेब इथे बसून लिहिणारे, तिघांचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरले आहेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. माहितगारांनी भर घालावी, चुकलं तर सरळ दुरुस्त करावं.

आधी पाया. एक दिनार म्हणजे १००० फिल्स. शंभर नव्हे, हजार. दिनारच्या व्यवहारात होणाऱ्या निम्म्या चुका हे एक वाक्य अंगवळणी न पडल्यामुळे होतात. आपला रुपया शंभर पैशांचा, त्यामुळे दशांश चिन्हापुढे दोन आकडे बघायची डोळ्याला सवय असते. कुवेतमध्ये पुढे तीन आकडे असतात: ३.५००, ०.२५०, १२.३७५.

बोलतानाची चूक लिहिण्याच्या चुकीपेक्षा महाग पडते. आपण "तीन पन्नास" म्हणतो तेव्हा साडेतीन रुपये अभिप्रेत असतात. तिथे "तीन दिनार पन्नास" म्हणजे ३.०५०, तीन दिनार आणि पन्नास फिल्स. साडेतीन दिनार म्हणजे "तीन दिनार पाचशे". फरक ४५० फिल्सचा. दिनारचा दर २८० रुपये धरला तर १२६ रुपये. (धागाभर हाच दर उदाहरणासाठी धरू या, आजचा दर आज बघावा.)

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे आपले शब्द मात्र दिनारला चपखल बसतात. पाव दिनार २५० फिल्स, पाऊण दिनार ७५०. तिथल्या बोलीतही पावाला "रुबा" आणि अर्ध्याला "नुस" म्हणतात, आणि दोन्हींच्या नोटा आहेत.

सध्या चलनात असलेल्या नोटा: पाव, अर्धा, १, ५, १० आणि २० दिनार. विसाच्या वर नोट नाही. नाणी: ५, १०, २०, ५० आणि १०० फिल्स. १ फिल्सचं नाणं १९८८ नंतर पाडलेलं नाही, त्यामुळे रोखीत ५ फिल्सच्या पटीतच देणंघेणं होतं. बँकेच्या खात्यात आणि कार्डावर मात्र एकेक फिल्स मोजला जातो.

---

नवा_प्रवासी

नाण्यांवर इंग्रजी आकडे नसतात असं ऐकलं. मग ओळखायची कशी?

---

नाणेपेटी

किंमत अरबी आकड्यांत असते. मराठी वाचणाऱ्याची इथे एक खास फसगत होते, म्हणून नीट सांगतो.

अरबी पाच म्हणजे एक गोल. तो आपल्या शून्यासारखा दिसतो. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणून नाण्यावर एकटा गोल दिसला तर ते ५ फिल्स. गोल आणि त्यापुढे ठिपका म्हणजे ५०. उभी रेघ आणि एक ठिपका म्हणजे १०, उभी रेघ आणि दोन ठिपके म्हणजे १००. अरबी दोन आपल्या २ च्या जवळचा आहे, त्यामुळे २० पटकन कळतं. अरबी तीनही आपल्या ३ ची आठवण करून देतो. सात इंग्रजी व्ही अक्षरासारखा आणि आठ तेच अक्षर उलटं केल्यासारखा. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे चालते, पण संख्या आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे वाचायची.

धातूवरूनही ओळख पटते. मूळच्या नाण्यांत ५ आणि १० फिल्स पिवळी, म्हणजे निकेल-ब्रासची, आणि २०, ५०, १०० पांढरी, तांबं-निकेलची. दुसऱ्या बाजूला सगळ्यांवर एकच चित्र: शिडाचं जहाज. हे "बूम" जातीचं गलबत. याच जातीची गलबतं खजूर घेऊन मुंबई आणि मलबारच्या बंदरांत यायची आणि जाताना सागवान, तांदूळ, मसाले भरून न्यायची.

नाण्यावर वर्षं दोन असतात, एक हिजरी आणि एक इसवी. पहिली नाणी १३८०/१९६१ ची. त्यांवर "इमारत अल-कुवेत", म्हणजे कुवेतची अमिरात, असं लिहिलं आहे. १९६२ पासून नुसतं "अल-कुवेत". त्यामुळे १९६१ चा संच हा एकाच वर्षाचा प्रकार आहे. संग्रह करणाऱ्याने आधी तो मिळवावा.

---

तिसरा_दशांश

बंदरकर, तीन आकड्यांचं तुम्ही फार बरं केलंत. पुण्या-मुंबईत बसून कुवेतच्या कंपन्यांची बिलं आणि पगारपत्रकं करणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी:

एक्सेलमध्ये रकान्याला आधी तीन दशांशांचं स्वरूप द्या, मग आकडे भरा. दोन दशांशांवर ठेवलं तर १२.३७५ हे १२.३८ दिसतं. आत मूळ आकडा शाबूत असतो, पण छापलेल्या कागदावर बेरीज जुळत नाही आणि समोरचा लेखनिक बिल परत पाठवतो. त्याहून वाईट म्हणजे कोणी सूत्रातच दोन दशांशांवर पूर्णांकन करून ठेवलेलं असतं. १२५ फिल्सची वस्तू ०.१३ झाली की ४० नगांना ५.००० ऐवजी ५.२०० दिनार होतात. २०० फिल्स म्हणजे ५६ रुपये, एका ओळीत.

टॅलीत चलनाच्या नोंदीत दशांश स्थळं ३ करा आणि दशांशानंतरच्या रकमेचा शब्द "पैसे" असतो तो "फिल्स" करा. ही नोंद पहिलं व्हाउचर टाकण्याआधी करायची. लाख-कोटीची मांडणी बदलून हजार-दशलक्षाची ठेवा, म्हणजे १,००,००० ऐवजी १००,००० दिसेल. तिथल्या माणसाला आपला स्वल्पविराम वाचता येत नाही.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी, कारण नुकसान तिथे सगळ्यात मोठं होतं. कार्डाची रक्कम बहुतेक ठिकाणी सर्वांत लहान एककात पाठवली जाते. १२.५०० दिनार म्हणजे १२५०० फिल्स. पुढची यंत्रणा सगळी चलनं दोन दशांशांची समजत असेल तर ती याचे १२५.०० करते: दहापट. उलट, आपणच शंभराने गुणून १२५० पाठवले तर ग्राहकाकडून १.२५० दिनार जातात: दहावा हिस्सा. चलनाच्या आंतरराष्ट्रीय संकेतासोबत (केडब्ल्यूडी) दशांश स्थळांची संख्याही ठरलेली असते, ती तिथून घ्या, १०० हा आकडा कोडमध्ये गाडून ठेवू नका. बहारीन, ओमान, जॉर्डन, इराक, ट्युनिशिया आणि लिबिया यांचंही तीनच. रक्कम साठवायची ती पूर्ण फिल्समध्ये, पूर्णांक म्हणून. तपासायला १२.३७५ ही रक्कम वापरा. १२.००० वापरलीत तर यातल्या काही चुका दिसतच नाहीत.

---

कोकणपट्टी

घरी पैसे पाठवणाऱ्यांसाठी दरांचं कोणी समजावून सांगेल का? रत्नागिरी-रायगडकडे घरोघरी कुवेतहून पैसे येतात. पण एक्स्चेंजच्या पाटीवर कधी २८० लिहिलेलं असतं, कधी ३.५७०. दोन्ही एकच का?

---

जमाखर्च

एकच गोष्ट, दोन बाजूंनी सांगितलेली. २८० म्हणजे एका दिनारचे इतके रुपये. ३.५७० म्हणजे हजार रुपयांना इतके दिनार. हजाराला ३.५७० ने भागा, २८०.११ येतं.

लक्षात ठेवायचं ते असं: पहिल्या पद्धतीत आकडा मोठा तितका पाठवणाऱ्याचा फायदा, दुसऱ्या पद्धतीत आकडा लहान तितका फायदा. घाईत लोक ३.५७५ ला ३.५७० पेक्षा चांगला दर समजतात. ३०० दिनार पाठवले तर ३.५७० ने ८४,०३३ रुपये होतात, ३.५७५ ने ८३,९१६. तिसऱ्या दशांशातल्या पाचाने ११७ रुपये गेले.

नुसता दर बघून ठरवू नका, कमिशन धरून हिशेब करा. समजा एका ठिकाणी दर २८०.०० आणि कमिशन १.२५० दिनार. दुसरीकडे दर २७९.२०, कमिशन काही नाही. खिशात २०० दिनार आहेत. पहिल्याकडे १९८.७५० गुणिले २८० म्हणजे ५५,६५०. दुसऱ्याकडे २०० गुणिले २७९.२० म्हणजे ५५,८४०. दर कमी असूनही दुसरा १९० रुपयांनी बरा.

पण रक्कम वाढली की पारडं फिरतं. कुठे फिरतं ते काढायची रीत: कमिशनचे रुपये करा (१.२५० × २८० = ३५०), दोन दरांतल्या फरकाने (०.८०) भागा. उत्तर ४३७.५००. म्हणजे साडेचारशे दिनार पाठवायचे तर पहिला, चारशे पाठवायचे तर दुसरा. हा भागाकार कागदावर करून पाकिटात ठेवा. महिन्याला दोनदा थोडे थोडे पाठवणाऱ्याने कमिशन दोनदा जातं हेही धरावं.

पैसे अडकण्याची सगळ्यात साधी कारणं तीन. आयएफएससी कोड अकरा खुणांचा असतो: पहिली चार अक्षरं, पाचवं कायम शून्य, पुढे सहा. त्या पाचव्या जागी लोक इंग्रजी ओ लिहितात. दुसरं, बँका एकमेकींत विलीन झाल्यावर शाखांचे कोड बदलले आणि जुन्या पासबुकावर जुनाच कोड आहे. तिसरं, खात्यावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळत नाही. आईच्या खात्यावर माहेरचं नाव आणि फॉर्मवर सासरचं, हे फार होतं. पासबुकाचं पहिलं पान समोर ठेवून अक्षरन् अक्षर उतरवा.

रोख उचलायची सोय असलेल्या सेवांना वेगळी मर्यादा आहे. एका वेळी २,५०० अमेरिकी डॉलरपर्यंत, एका व्यक्तीला वर्षाला ३० वेळा, आणि हातात रोख ५०,००० रुपयांपर्यंतच. त्यावरची रक्कम खात्यात जमा होते. हे पैसे घरखर्चासारख्या वैयक्तिक कामासाठीच पाठवता येतात. जागा घ्यायची, एफडी करायची तर हा मार्ग नाही, बँकेतून खात्यावर पाठवा.

आणि कुवेतला नोकरी लागल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. ते एनआरओ (अनिवासींचं साधं रुपया खातं) करून घ्या आणि तिथली कमाई साठवायला एनआरई (अनिवासींचं परदेशी कमाईचं खातं) उघडा. एनआरईतली रक्कम पुन्हा परदेशी नेता येते आणि अनिवासी असेपर्यंत तिच्या व्याजावर इथे आयकर नाही. घरच्यांच्या स्वतःच्या बचत खात्यावर पैसे पाठवायला मात्र काहीच अडचण नाही.

---

कोकणपट्टी

जमाखर्च, ४३७.५०० ची रीत उत्तम. हे कुणी असं मांडून सांगत नाही. अजून एक: रुपया डॉलरपुढे पडला की दिनारही तेवढाच वर जातो का?

---

जमाखर्च

जवळपास तेवढाच, पण अगदी तेवढाच नाही. यूएईचा दिरहम, सौदी रियाल, ओमानी रियाल हे डॉलरला कायमचे बांधलेले आहेत. दिनार तसा नाही. जानेवारी २००३ पासून तो डॉलरला बांधला होता, कारण आखाती देशांचं एकच चलन करायचं घाटत होतं. एक डॉलरला ०.२९९६३ दिनार आणि दोन्हीकडे साडेतीन टक्क्यांची मोकळीक. पुढे डॉलर घसरत गेला, आयात महागली आणि २० मे २००७ ला कुवेतने तो दोर सोडून दिनार पुन्हा अनेक चलनांच्या टोपलीला जोडला. २००३ आधीही तो टोपलीलाच होता, १९७५ पासून. टोपलीत कुठलं चलन किती, हे मध्यवर्ती बँक जाहीर करत नाही, पण डॉलरचा वाटा मोठा आहे हे दराच्या चालीवरून उघड दिसतं.

हिशेब असा: दिनारचा रुपयातला दर म्हणजे डॉलरचा रुपयातला दर भागिले डॉलरचा दिनारमधला दर. डॉलर ८६ रुपये आणि ०.३०७० दिनार असेल तर ८६ भागिले ०.३०७० बरोबर २८०.१३. वरचा आकडा बराच हलतो, खालचा अगदी थोडा. डॉलर जगभर मजबूत झाला की खालचा आकडा किंचित वाढतो आणि दिनारची चढण दिरहमपेक्षा थोडी कमी राहते. डॉलर मऊ पडला की उलट. दुबईतल्या भावाला मिळालेली वाढ आणि कुवेतमधल्या भावाला मिळालेली वाढ यात जो बारीक फरक दिसतो, तो यामुळे.

---

नवा_प्रवासी

दिनार जगातलं सर्वांत महाग चलन, म्हणजे कुवेत सर्वांत श्रीमंत देश असंच ना?

---

दर्यावर्दी

नाही. एका एककाची किंमत मोठी असणं म्हणजे जन्माच्या वेळी ते एकक मोठं ठरवलं गेलं आणि पुढे ते घसरू दिलं नाही, एवढंच. येन एकेकटा मोजला तर पैशासारखा वाटतो, म्हणून जपान गरीब ठरत नाही.

दिनारचं मोठेपण नेमकं कुठून आलं याचं उत्तर थेट आपल्या रुपयात आहे. ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना माहीत असायलाच हवी, म्हणून सविस्तर लिहितो.

१९६१ पर्यंत कुवेतचं रोजचं चलन भारतीय रुपया होतं. पगार रुपयांत, भाडं रुपयांत, सुट्टे आणे-पैशांत. त्याआधी १३०४ हिजरीत, म्हणजे १८८६-८७ मध्ये, शेख अब्दुल्ला दुसरे यांनी तांब्याचं स्वतःचं नाणं पाडलं होतं. त्याचं नाव "बैझा", म्हणजे आपलाच पैसा. ते फार काळ चाललं नाही. ओमानच्या रियालचे हजार "बैसा" असतात, तो शब्दही "पैसा"वरूनच.

भारत स्वतंत्र झाल्यावर सोन्याच्या आयातीवर निर्बंध आले आणि मुंबईतला सोन्याचा भाव आखातापेक्षा चढा राहिला. तस्कर नोटांच्या थप्प्या गलबतातून आखातात नेत, सोनं विकत घेत. त्या नोटा तिथल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि भारताला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. देशाची परकीय गंगाजळी अशी झिरपत होती. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. किंमत तीच, पण त्या भारतात चालत नसत आणि भारतातल्या नोटा तिथे चालत नसत. त्या वेळी भारतात नोटा छापणारा कारखाना एकच होता, नाशिकचा. कुवेतच्या बाजारात मासळी आणि खजूर ज्या नोटांवर विकला जाई त्या नाशिक रोडहून गेलेल्या.

कुवेतने १९६० मध्ये चलनाचा कायदा केला आणि १ एप्रिल १९६१ ला दिनार चालू केला. स्वातंत्र्य १९ जून १९६१ चं, म्हणजे चलन देशाच्या आधी स्वतंत्र झालं. एक दिनार बरोबर एक ब्रिटिश पौंड, २.४८८२८ ग्रॅम सोन्याइतका. रुपयाचा पौंडाशी दर १३⅓ होता, त्यामुळे लोकांनी १३ रुपये ३३ पैसे देऊन एक दिनार घेतला. सुट्ट्यांचा हिशेब सोपा होता: एक रुपया म्हणजे ७५ फिल्स, शंभर रुपये म्हणजे साडेसात दिनार.

आता खरी गोम. ६ जून १९६६ ला भारताने अवमूल्यन केलं. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. ज्यांनी अजून आखाती रुपया ठेवला होता, त्यांच्या खिशातली किंमत एका दिवसात घटली. कतार आणि दुबईने त्याच वर्षी तो सोडून स्वतःचा रियाल आणला. बहारीन वर्षभर आधी, १९६५ मध्ये, दहा रुपयांना एक दिनार करून बाहेर पडलं होतं. ओमान १९७० पर्यंत राहिलं आणि बदलताना त्याला एका रियालला २१ रुपये मोजावे लागले. १३⅓ आणि २१ यांतला फरक म्हणजे १९६१ ला बाहेर पडण्याचा आणि १९७० ला बाहेर पडण्याचा फरक. पुढे १९६७ मध्ये पौंडाचंही अवमूल्यन झालं, तेव्हा कुवेत पौंडामागे गेलं नाही, सोन्याची किंमत धरून राहिलं. दिनारने दोन घसरणी टाळल्या त्या अशा.

---

नाणेपेटी

दर्यावर्दींच्या माहितीत छोटी भर. बहारीनमध्ये १०० फिल्सला लोक अजून "रुबिया" म्हणतात, कारण दहा रुपयांचा दिनार झाला तेव्हा शंभर फिल्स म्हणजे बरोबर एक रुपया होता. कुवेतमध्ये रुपया ७५ फिल्सचा झाला आणि त्या किमतीचं नाणंच नव्हतं.

---

निळी_शाई

जुन्या नोटांबद्दल कोणी लिहा. घरात कुवेतहून आणलेल्या नोटा असतात, त्या बँकेत चालतात की नाही हे कळत नाही.

---

नाणेपेटी

आजवर सहा मालिका निघाल्या. ओळखायची रीत:

अमीरांचा चेहरा असेल तर ती पहिल्या दोन मालिकांतली. पहिलीवर अब्दुल्ला तिसरे, दुसरीवर सबाह तिसरे. दोन्ही १९८२ मध्ये बाद झाल्या. तिसरीपासून चेहरा नाही, राजचिन्ह आहे.

तिसरी मालिका १९८० ची, आणि हिच्याबाबत सावध राहा. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं, मध्यवर्ती बँकेतल्या नोटा लुटून नेल्या आणि कुवेती दिनार इराकी दिनारच्या बरोबरीचा ठरवून टाकला. २६ फेब्रुवारी १९९१ ला देश मोकळा झाला आणि महिनाभरात, २४ मार्चला, चौथी मालिका आली. चित्रं तिसरीचीच, रंग वेगळे, म्हणजे लुटलेल्या नोटा चालवता येऊ नयेत. तिसरी ३० सप्टेंबर १९९१ ला बाद. लुटलेल्या गठ्ठ्यांतल्या कोऱ्या करकरीत नोटा आजही बाजारात फिरतात. त्यांची किंमत फक्त संग्राहकापुरती, बँकेत शून्य. "वीस दिनारची नोट, निम्म्या दरात देतो" असं म्हणणारा भेटला तर ती बहुधा हीच असते.

पाचवी १९९४ ची. ती बदलून द्यायची अखेरची तारीख १८ एप्रिल २०२५ होती. ती उलटली. आता तीही कपाटात ठेवायची वस्तू. अजून कोणी दलाल "मी कुवेतमध्ये बदलून आणतो" म्हणत असेल तर त्याच्या हाती नोटा देऊ नका.

आज चालते ती एकच, २०१४ ची सहावी. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पाव दिनारवर लिबरेशन टॉवर, अर्ध्यावर कुवेत टॉवर्स, एकवर मोठी मशीद, पाचवर मध्यवर्ती बँकेची इमारत, दहावर संसद, वीसवर सीफ राजवाडा. मागच्या बाजू मला जास्त आवडतात. विसाच्या मागे मोती काढणारा पाणबुड्या आणि बूम. अर्ध्या दिनारच्या मागे कासव आणि चक्क पापलेट. तिथे त्याला "झुबैदी" म्हणतात आणि आपल्याकडे सरंग्या-पापलेटावरून जितकी चर्चा होते तितकीच तिथे झुबैदीवरून होते.

१९९३ ची एक दिनारची प्लास्टिकची नोट कोणाकडे असेल तर ती मुक्तीच्या दुसऱ्या वर्धापनदिनाची स्मारक नोट आहे, खर्चासाठी काढलेली नाही.

आणि नोटेवर फक्त "दिनार" शब्द बघून भुलू नका. इराकी दिनारच्या हजारांच्या नोटा कुवेती म्हणून खपवण्याचे प्रकार होतात. कुवेतमध्ये विसाच्या वर नोट नाही, हे लक्षात असेल तर फसवणूक तिथेच थांबते.

---

जमाखर्च

येता-जाताना रोख किती, तेही एकदा लिहून ठेवतो, कारण दिनार लहान दिसतो आणि मर्यादा लवकर ओलांडली जाते.

भारतात येताना परकीय नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर असतील, तर विमानतळावर कस्टम्सकडे सीडीएफ (जवळचं चलन जाहीर करण्याचा) फॉर्म भरायचा. एक दिनार सव्वातीन डॉलर धरला तर ५,००० डॉलर म्हणजे सुमारे १,५४० दिनार. विसाच्या ७७ नोटा. एवढी गड्डी शर्टाच्या खिशात मावते, म्हणून लोकांना ती मोठी रक्कम वाटत नाही. पैसे आणायला बंदी नाही, न सांगता आणायला आहे. फॉर्मची प्रत जपून ठेवा, उरलेले दिनार परत नेताना तोच पुरावा. कुवेतच्या बाजूला ३,००० दिनारपासून पुढे जाहीर करावं लागतं.

इथे राहणाऱ्या माणसाने कुवेतची फेरी करून आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःकडे ठेवल्या तर चालतं. वरच्या १८० दिवसांत अधिकृत मनी चेंजरला द्यायच्या. नाण्यांना मर्यादा नाही, पण नाणी इथे कोणी घेत नाही. पाव आणि अर्ध्याच्या नोटाही बरेच मनी चेंजर नाकारतात. म्हणून निघण्यापूर्वी सुट्ट्यांच्या विसाच्या आणि दहाच्या नोटा करून घ्या. भारतीय रुपये आत-बाहेर २५,००० पर्यंत.

---

निळी_शाई

नाणेपेटी, आभार. एक शेवटचं. जुन्या ट्रंकेतून शंभर रुपयांची नोट निघाली आहे, रिझर्व्ह बँकेचीच, पण रंग ओळखीचा नाही. क्रमांकाआधी इंग्रजी झेड आहे. दर्यावर्दींनी लिहिलेली आखाती नोट ती हीच का?

---

नाणेपेटी

झेड असेल आणि रंग त्या काळच्या भारतीय शंभरापेक्षा वेगळा असेल तर तीच. एचए ही अक्षरं असती तर ती हज यात्रेकरूंसाठी काढलेली नोट. दोन्हींत गल्लत करू नका, किंमत वेगळी असते.

बँकेत नेऊ नका, ती चलनातून गेलेली आहे. मूल्य संग्राहकाच्या हिशेबाने ठरतं आणि ते कागदाच्या अवस्थेवर अवलंबून असतं. म्हणून आता हे करू नका: इस्त्री, लॅमिनेशन, चिकटपट्टी, ओल्या कापडाने पुसणं. घडी असेल तर ती जशी आहे तशी उघडा आणि सपाट ठेवा, दाबू नका. त्या काळी बँकेत गड्ड्या शिवायच्या, त्यामुळे डाव्या कडेला भोकं असतील. ती असणारच, त्यांना घाबरू नका. पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात घाला, पीव्हीसीने काही वर्षांत कागद चिकट होतो. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, क्रमांक स्पष्ट दिसेल असे, पण इथे टाकताना क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे झाका. मग फोटो बघून अवस्था सांगतो.